कवडशात उतरलेला सूर्य

कौलारू घरात वाढलेल्यांना कवडसा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. भर दुपारी माजघरातल्या सारवलेल्या जमिनीवर तो पडायचा आणि आम्ही पोरं त्याला मुठीत धरायला धावायचो. कौलातलं भोक तिकोनी असो, चौकोनी असो की वेडंवाकडं, कवडसा मात्र गोल, फार तर लंबगोल. का, ते कळलं तेव्हा मी थक्क झालो, आणि तो अचंबा अजून ओसरलेला नाही. तो गोल भोकाचा नव्हेच. ते सूर्याचं चित्र आहे!

सूर्याच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश तिकोनी भोकातून सरळ आत येतो आणि जमिनीवर एक इवलासा त्रिकोण उमटवतो. सूर्य गोल, म्हणून हे असंख्य त्रिकोण गोलातच मांडले जातात, एकमेकांवर चढतात आणि त्यांचे कोपरे विरून जातात. भोकाला अगदी लागून कागद धरा, त्रिकोण दिसेल. कागद लांब नेत जा, गोल होत जाईल. सूर्य त्याच्या व्यासाच्या साधारण 108 पट दूर आहे, म्हणून 3 मीटरवरचा कवडसा 3 सेंटिमीटरच्या आसपास भरतो. खंडग्रास सूर्यग्रहणात तर पानांमधल्या फटींतून झाडाखाली कोरींचा सडा पडतो. इब्न अल-हैथम या विद्वानाने हजार वर्षांपूर्वी या कोरींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

कॅमेरा म्हणजे हेच भोक, हाताशी धरून वळण लावलेलं. भोक बारीक केलं की चित्र रेखीव, पण अंधुक. मोठं केलं की उजळ, पण पुसट. लेन्सने ही कोंडी फोडली. मोठ्या भोकातून शिरलेले किरण ती पुन्हा एका बिंदूवर आणून सोडते. मात्र एकाच अंतरावरच्या वस्तूंचे. म्हणून भोक मोठं ठेवलं की चेहरा स्पष्ट आणि मागची झाडं धूसर.

या भोकाला छायाचित्रकार अ‍ॅपर्चर म्हणतात, आणि त्याचे आकडे नवख्याला हमखास चकवतात: एफ/2 मोठं, एफ/16 लहान. पण तो अपूर्णांक आहे. लेन्सच्या फोकल लेंग्थला, म्हणजे नाभीय अंतराला, त्या आकड्याने भागायचं. 50 मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/2 म्हणजे 25 मिलिमीटरचं भोक, एफ/16 म्हणजे जेमतेम 3. व्यास आठवा हिस्सा झाला, म्हणजे प्रकाश चौसष्टावा.

रखरखीत उन्हात आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, 100 ठेवून एफ/16 वर शटर 1/100 सेकंद उघडावं, असा जुना ठोकताळा आहे. आता बंद खिडकीच्या फळीत 3 मिलिमीटरचं भोक आणि 3 मीटरवर भिंत असेल, तर खोली झाली एफ/1000 चा कॅमेरा. तिथे तेच चित्र टिपायला 40 सेकंद लागतील. पण डोळे अंधाराला सरावू द्या. भिंतीवर अंगण पुसट उमटू लागेल: रंगांसकट, आभाळ खाली आणि माड शेंड्यावर उभा.