पाच लाख मेंढ्या आणि साठ मिलिलिटरचा फुगा

ताणाच्या साखळीतली पहिली कडी हाती लागायला २६ वर्षं आणि जवळपास पाच लाख मेंढ्या लागल्या. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून काहीतरी पाझरतं आणि ते पिट्युटरी ग्रंथीला कामाला लावतं, एवढं १९५५ साली कळलं होतं. पण ते इतकं अल्प, की वेगळं काढायचं तर कच्चा माल लाखांनी हवा. शेवटी १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये वायली व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसच्या ४ लाख ९० हजार तुकड्यांच्या अर्कातून ते मिळवलं. निघाली ती फक्त ४१ अमिनो आम्लांची साखळी: सीआरएच, म्हणजे कॉर्टिकोट्रोपिन-रिलीझिंग हार्मोन.

तिच्या इशाऱ्यावरून शेवटी मूत्रपिंडांवरच्या टोपीसारख्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. सकाळी, म्हणजे ते भरात असताना, रक्तद्रवातलं सगळं कॉर्टिसॉल एकत्र केलं तरी भरेल जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. मिठाचे सात-आठ कण! एवढ्यावर रक्तातली साखर, रक्तदाब, प्रतिकारशक्ती सगळं हलतं.

पोटाची गंमत (ज्याचं दुखतं त्याला ती गंमत वाटणार नाही) अशी, की सीआरएच कॉर्टिसॉलची वाट पाहत बसत नाही. ताण आला की सीआरएचमुळे जठर मंदावतं आणि मोठं आतडं धावायला लागतं. म्हणून परीक्षेच्या सकाळी घास उतरत नाही आणि संडासाला मात्र दोनदा जावं लागतं. जपानमध्ये शिन फुकुदो आणि सहकाऱ्यांनी लोकांना सीआरएच टोचून पाहिलं. आयबीएसच्या (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) रुग्णांचं मोठं आतडं निरोगी माणसांपेक्षा जास्त खवळलं, असं त्यांनी १९९८ साली नोंदवलं.

आतडं धावलं म्हणून एवढं काय बिघडतं? पाण्याचा हिशोब पाहा. आपण दिवसाला दोनेक लिटर पितो-खातो. त्यात लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून आतड्यात आठ-नऊ लिटर पाणी उतरतं. लहान आतडं त्यातलं बहुतेक शोषून घेतं. मोठ्या आतड्याच्या वाट्याला दीडेक लिटर येतं आणि शौचातून बाहेर पडतं शंभर-दोनशे मिलिलिटर. म्हणजे मोठ्या आतड्याने घाई केली, शोषायला पुरेसा वेळ मिळाला नाही, आणि नऊ लिटरमधलं एखादं भांडंभर पाणी जरी सुटून गेलं, तरी जुलाब.

ही सगळी वाहतूक सांभाळायला आतड्याच्या भिंतीत स्वतःच्या चेतापेशी आहेत, दहा कोटींहून जास्त. मेंदूतल्या ८६ अब्जांपुढे किरकोळ, पण मेंदूला न विचारता आतडं चालवायला पुरेशा. आणि मेंदूला पोटाशी जोडणाऱ्या व्हेगस नर्व्हमधले ८० टक्क्यांच्या आसपास तंतू खालून वर निरोप नेतात. हुकूम वरून कमी सुटतात, तक्रारी खालून जास्त जातात.

त्या तक्रारी ऐकणारा कानच तिखट झाला असेल तर? जेम्स रिची यांनी १९७३ साली रुग्णांच्या मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात लहानसा फुगा सारून त्यात ६० मिलिलिटर हवा भरली. इतर माणसांपैकी ६ टक्क्यांना दुखलं, आयबीएसवाल्यांपैकी ५५ टक्क्यांना. दुर्बीण घालून पाहिलं तर या आतड्यात ना व्रण दिसतो ना गाठ. 'रिपोर्ट नॉर्मल, टेन्शन घेऊ नका' हे वाक्य मला म्हणूनच अर्धवट वाटतं. ३३ देशांतल्या ७३ हजारांहून अधिक लोकांच्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इंटरनेटवरून उत्तरं देणाऱ्यांपैकी ४.१ टक्के आयबीएसच्या कडक निकषांत बसले. शंभरात चार जण मनाने दुखणं रचतात, असं मानायचं का?

मग सीआरएचलाच अडवलं की झालं, असं वाटणं साहजिक होतं. पेक्सासरफॉन्ट नावाचं तसं औषध जुलाबप्रधान आयबीएस असलेल्या ३९ स्त्रियांवर तपासलं गेलं आणि निष्कर्ष २००९ साली आले. मोठ्या आतड्याचा वेग नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा वेगळा निघाला नाही.