घाणेरी काढली, पुढं काय?

घाणेरीचं झुडूप कोयत्यानं छाटलं तर मरत नाही. जमिनीलगत, खोड आणि मूळ जिथं जुळतं तिथं, तिचे डोळे असतात. वरचा पसारा गेला की तिथून एकाच्या जागी पाच-सहा फांद्या फुटतात आणि वर्षभरात जाळी पहिल्यापेक्षा दाट होते. पेटवून दिली तरी बुडखा जिवंत राहतो. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बसवलेली पद्धत साधी आहे. मुख्य मुळावर जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर कुदळीचे घाव घालायचे. मूळ तुटलं की अख्खं झुडूप उचलून उलटं ठेवायचं, मुळं वर आणि फांद्या खाली. तसंच पडून राहिलं तर ते पुन्हा माती धरतं, उलटं ठेवलं की वाळून जातं. हे सगळं फळं पिकायच्या आत उरकायचं. यंत्र लागत नाही, विषारी फवारणी लागत नाही; लागतात ती सरावलेली माणसं.

पण खरी परीक्षा झुडूप निघाल्यावर सुरू होते. घाणेरीची काळी फळं बुलबुलांना फार आवडतात. पक्षी ज्या झाडांवर बसतात त्यांच्या खाली, आणि ओढ्यांच्या काठानं, बियांचा साठा पडलेला असतो. जाळी हटल्यावर ऊन जमिनीवर पोचतं आणि हीच रोपं सर्वांत आधी वर येतात. म्हणून त्या जागी पुढची काही वर्षं दर पावसाळ्यात जाऊन रोपं उपटावी लागतात. आपल्याकडच्या बहुतेक मोहिमा इथंच फसतात. हेक्टरी किती झुडपं काढली याची नोंद होते, बिल निघतं, फोटो लागतात. तीन वर्षांनी त्या जागेवर काय उगवलंय हे पाहायला माणूसही नसतो आणि तरतूदही नसते.

व्याप्ती किती आहे? भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार एकट्या घाणेरीनं देशातलं दीड लाख चौरस किलोमीटरहून अधिक वनक्षेत्र व्यापलंय, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या जवळपास निम्मं. तिच्या पानांत गुरांचं यकृत निकामी करणारं विष असतं. चितळ आणि गवे तिला सहसा तोंड लावत नाहीत, आणि जाळीखाली गवत उगवत नाही. चरणाऱ्यांचा घास गेला की वाघाचाही जातो. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर रानमोडीनं हेच केलंय, विदर्भातल्या मोकळ्या रानांत रानतुळशीनं.

यांतली बरीच झाडं आपण स्वतः आणलेली आहेत. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली. वेड्या बाभळीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. कच्छमधलं बन्नी हे सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचं गवताळ रान, तिथल्या मालधारी पशुपालकांच्या म्हशींचं माहेर. रणाचा खारेपणा पुढं सरकू नये म्हणून १९६१ पासून वनखात्यानं तिथं सुमारे ३१ हजार हेक्टरांवर वेडी बाभूळ लावली. हेतू चांगला होता. तिच्या गोड शेंगा गुरांनी खाल्ल्या, शेणातून बिया दूरवर गेल्या आणि गवत हटत गेलं. आता तिथल्या अनेकांची चूल तिच्याच कोळशावर पेटते. कोळसा पाडायला २००४ मध्ये परवानगी मिळाली, २००८ मध्ये ती पुन्हा बंद झाली. एखादी परकी वनस्पती पन्नास वर्षं मुरली की ती काढणं हा नुसता वनस्पतिशास्त्राचा प्रश्न राहत नाही; कोणाचा घास जाईल आणि कोणाची म्हैस वाचेल, हे तिथल्या माणसांसोबत बसूनच ठरवावं लागतं.

कीटकांवर भिस्त ठेवण्याचेही प्रयोग झाले. घाणेरीवरचा एक ढेकूणवर्गीय किडा १९४१ साली ऑस्ट्रेलियातून डेहराडूनला आणला गेला. तो सागाच्या फुलांवरही बसतो असं चाचणीत दिसलं तेव्हा सगळे किडे नष्ट करायचं ठरलं. तरी काही निसटले आणि पुढं देशभर पसरले. घाणेरी मात्र संपली नाही. गाजर गवतासाठी १९८३ मध्ये मेक्सिकोतून आणलेला भुंगा अधिक कामाचा ठरला. पावसाळ्यात त्याच्या अळ्या पानांचा फडशा पाडतात. पण कोरड्या महिन्यांत भुंगा मातीत दडून बसतो आणि ओल मिळाली की गवत तेवढ्यात फुलून बी टाकतं. पुण्यात १९५०च्या दशकात नोंदलेल्या या तणाची बहुतेक सगळ्या महाराष्ट्राला ओळख आहे, त्यामुळे जास्त सांगत नाही.

मला जास्त आशा वाटते ती मेळघाट आणि ताडोब्यात कुरणांवर झालेल्या कामाकडे पाहून. जंगलातली गावं स्वेच्छेनं उठून बाहेर वसली, मागं रिकामी शेतं राहिली. अशी मोकळी, नांगरलेली जमीन तरोटा आणि रानतुळशीला आयतीच मिळते. रानतुळशीची वाळलेली बोंडं कपड्यांना, जनावरांच्या केसांना चिकटतात, म्हणून ती फुलायच्या आत, पावसानं माती भुसभुशीत असतानाच, मुळासकट उपटायची. दुसरीकडे मारवेल, पवन्या, कुंदा यांसारख्या देशी गवतांचं बी गोळा करायचं, ठोंब लावायचे, पहिली वर्षं जागा राखायची. गवत एकदा दाट बसलं की तणाच्या रोपाला ऊन मिळत नाही. उपटणाऱ्या हातांपेक्षा हे गवत जास्त राखण करतं. वनरक्षक आणि गावातल्या बायका ही गवतं आणि तणं पानावरून ओळखतात; त्या ओळखीशिवाय कोणताही आराखडा कागदावरच राहतो.

याउलट माळरानाला आपले सरकारी कागद अजून पडीक म्हणतात. पडीक म्हटलं की तिथं झाडं लावायची घाई होते. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प आणि सुबाभूळ अशाच लागल्या. सोलापूरकडे माळढोक आणि लांडगे ज्या उघड्या माळावर जगत आले, तिथं रोपवन म्हणजे त्यांच्या घरावर घातलेली कुदळ आहे. वृक्षारोपणाचा आकडा भरायला सुबाभूळ लावायची आणि शेजारच्याच वनपरिक्षेत्रात तण निर्मूलनावर पैसा खर्चायचा, हा कारभार आधी थांबला पाहिजे.

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनं परक्या आक्रमक जातींची आयात, व्यापार आणि प्रसार रोखण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. कागदावर हे मोठं पाऊल आहे. रोपवाटिकेतून काय बाहेर पडतं, त्यावर तो अधिकार वापरला गेला पाहिजे. आणि निर्मूलनाच्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात पुढच्या किमान तीन पावसाळ्यांची मजुरी आणि देशी गवताच्या बियाण्याचा खर्च पहिल्याच दिवशी बांधलेला असला पाहिजे. मारवेल, पवन्याचं बी दिवाळीच्या आसपास पिकतं. पुढच्या जूनमध्ये कुरण पेरायचं असेल तर बी गोळा करणाऱ्यांना मजुरी आत्ताच द्यावी लागेल.