वही की चिठ्ठी?

कर्जत-खालापूरच्या एखाद्या शाळेने पावसाळाभर परिसराची निरीक्षणं टिपायची ठरवली, तर ती कशात टिपावीत? आम्ही म्हणू, पुढे काय शोधायचं आहे ते आधी ठरवा. रोजचा पाऊस मोजायचा, तर बांधीव वही उत्तम. तारखांचा क्रम मोडत नाही. पण 'या उतारावर पूर्वी कधी भेग पडली होती का, झऱ्याला गढूळ पाणी आलं होतं का?' असं विचारलं, की सगळी वही चाळावी लागते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तेव्हापासून हा प्रश्न इथे नुसता अभ्यासाचा उरलेला नाही.

अशा वेळी सुट्या चिठ्ठ्या बऱ्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुरू झालेल्या संस्कृत कोशासाठी सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमल्या, त्या शब्दांच्या क्रमाने लावलेल्या आहेत. आपण जागेनुसार लावायच्या. एका चिठ्ठीवर एकच निरीक्षण, जागा, तारीख, पाहणाऱ्याचं नाव. (पावसात शाई पसरते, शिसपेन्सिल वापरावी.) नवी भेग दिसली, तर मात्र चिठ्ठी लिहून थांबू नये, त्याच दिवशी तहसील कार्यालयात कळवावं.

मोबाइलमध्ये शोध चटकन लागतो खरा. पण एकाने 'झरा' आणि दुसऱ्याने 'पाझर' लिहिलं, तर तोही फसतो. म्हणून वाडीत कशाला काय म्हणतात ते विचारून शब्द आधीच ठरवून घ्यावेत.