खान्देशातला दमा : पंपाची भीती आणि केळ्यावरचा आळ

मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिशी गाठतो. अशा मुलखात दमा कसा होईल, तो तर थंड, दमट हवेचा आजार, असं इथे अनेकांना मनापासून वाटतं. त्यामुळे रात्री दोन वाजता धाप लागून उठून बसणारा माणूसही वर्षानुवर्षं ‘छातीतली सर्दी’ किंवा ‘कफाची प्रकृती’ म्हणून खोकल्याच्या बाटल्या रिचवत राहतो.

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. त्रास नसलेल्या दिवसांतही ती थोडीफार टिकून राहते. मग धूळ, धूर, परागकण, सर्दीचा विषाणू किंवा गार वारा असं एखादं निमित्त मिळतं. नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो आणि अरुंद वाटेतून हवा जाताना छातीतून सूं-सूं आवाज येतो. थंडी हे त्या निमित्तांपैकी फक्त एक. बाकीची निमित्तं खान्देशात बारा महिने हजर असतात.

जळगाव शहराचं नाव 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे. हवेची मानकं न पाळू शकलेल्या शहरांचीच ही यादी. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात आणि ट्रकांची रीघ रात्रीही थांबत नाही. कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये रुईची बारीक धूळ, डाळ मिलमध्ये टरफलांचा भुसा, दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीचा खकाणा. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, बुरशी धरते आणि बांधावर, ओसाड प्लॉटवर गाजर गवत फुलतं. 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे गवत आज कुठे नाही? त्याच्या परागांनी नाक, डोळे आणि छाती तिन्ही बिघडू शकतात.

घरातली हवा तर आपण हिशेबातच धरत नाही. कपाशीच्या काड्यांवर पेटलेली चूल, उन्हाळ्यात वर्षभराच्या मसाल्यासाठी भाजलेल्या मिरच्या, बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची कॉइल. एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण हवेत सोडते तेवढे सोडायला 75 ते 137 सिगारेटी जाळाव्या लागतात, असं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत आढळलं. पाळण्यातल्या बाळाला डास चावू नयेत म्हणून आपण हीच कॉइल उशाशी लावतो. त्याऐवजी मच्छरदाणी वापरावी. गोधड्या-गाद्यांना कडक ऊन द्यावं, केर उडवत झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसावं. मिरच्या भाजताना आणि कांडताना दमेकऱ्यानं घराबाहेर थांबावं.

आता पंप. इनहेलरला आपल्याकडे सगळे पंपच म्हणतात. ‘पंप लागला म्हणजे माणूस शेवटच्या टप्प्यावर आला’, ‘एकदा धरला की सुटत नाही’ ही दोन वाक्यं दम्याइतकीच घातक आहेत. घरात मुलगी लग्नाची झाली की तिचा पंप कपाटात लपवला जातो. गोळ्या मात्र चालतात, कारण गोळी कुणाला दिसत नाही.

खरा हिशेब उलटा आहे. सालब्युटामॉलच्या एका गोळीत 2 किंवा 4 मिलिग्रॅम औषध असतं, पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम. म्हणजे गोळी 20 ते 40 पट. ती पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगात जाते. म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा थेट श्वासनलिकेत उतरतो. या पंपामागे एका दमेकरी मुलीचा प्रश्न होता. 1955 साली अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या प्रमुखाला त्याच्या तेरा वर्षांच्या मुलीनं विचारलं, अत्तराच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का मिळत नाही? पुढच्याच वर्षी असा पंप बाजारात आला.

पंप दोन तऱ्हेचे असतात आणि सगळा घोटाळा इथेच होतो. एक आरामाचा, तो आवळलेले स्नायू सैल करतो. पाच मिनिटांत मोकळं वाटतं, पण सूज तशीच राहते. दुसऱ्यात सूज उतरवणारं स्टिरॉइड असतं. ते हळूहळू काम करतं, त्यामुळे ‘याचा काही उपयोग नाही’ म्हणून रुग्ण नेमकं तेच सोडतो. 2019 पासून दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात, की प्रौढांना आणि किशोरवयीन मुलांना नुसत्या आरामाच्या पंपावर ठेवू नये. त्याच वर्षीच्या जागतिक अंदाजानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के भारतात होते, पण दम्यानं झालेल्या मृत्यूंपैकी 42 टक्क्यांहून जास्त आपल्याकडचे होते. ही तफावत मला अस्वस्थ करते, कारण त्यातले बरेचसे मृत्यू टाळता येण्यासारखे असतात.

स्टिरॉइड म्हटलं की लोक दचकतात. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. घेतल्यावर चूळ भरून थुंकली की तोंड येण्याचा त्रास टळतो. मुलांच्या उंचीत फरक पडलाच तर तो साधारण एक सेंटिमीटरचा. भीती बाळगायचीच असेल तर ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बेनामी पुड्यांची बाळगावी. दोन दिवसांत जादूसारखा आराम देणाऱ्या अशा पुड्यांमध्ये भरमसाट स्टिरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे.

लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना फवारा आणि श्वास यांचा मेळ जमत नाही. त्यांना स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, लागतो. तो नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून काम भागतं. दक्षिण आफ्रिकेत बाटलीचा असा स्पेसर विकतच्याइतकाच उपयोगी ठरल्याचं संशोधन 1999 साली प्रसिद्ध झालं.

मृगाला हैदराबादेत दम्यासाठी जिवंत मासा गिळायला आपल्याकडूनही माणसं जातात. कोजागरीला गावोगावी खिरीतून दम्याचं औषध वाटतात. दोन्हींनी दमा बरा होतो असं कुठल्याही शास्त्रीय चाचणीत सिद्ध झालेलं नाही. श्रद्धेनं जाणाऱ्याला मी हिणवणार नाही. वर्षानुवर्षं धापा टाकणारा माणूस आशेनं कुठेही जाईल. पण त्यापायी नेहमीचा पंप बंद करू नये आणि कोजागरीची रात्र उघड्यावर गारठ्यात काढू नये.

योगाची गोष्ट वेगळी. स्वामी कुवलयानंद अमळनेरच्या खान्देश एज्युकेशन सोसायटीत शिकवत होते, तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. 1924 साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि योग प्रयोगशाळेत तपासायला घेतला. त्यांचा तोच आग्रह इथे उपयोगी पडतो. श्वसनाच्या व्यायामांनी दमेकऱ्याची घालमेल कमी होते, जगणं सुसह्य होतं, एवढं आजवरच्या अभ्यासांतून दिसतं. सूज मात्र त्यांनी उतरत नाही. म्हणून प्राणायाम पंपासोबत करावा, पंपाऐवजी नको. धाप लागलेली असताना कपालभाती तर मुळीच नको.

राहिलं केळं. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं फळ ज्या जळगाव जिल्ह्यात पिकतं, तिथेच दमेकरी पोराच्या हातातून ते ‘कफ होतो’ म्हणून काढून घेतात! केळ्याची खरी ॲलर्जी असते, पण मोजक्यांना. लंडनमधल्या शाळकरी मुलांच्या एका पाहणीत तर रोज केळं खाणाऱ्यांमध्ये छाती वाजण्याचं प्रमाण कमी होतं. त्यावरून केळं हे औषध ठरत नाही. आळ तेवढा निघतो. दही, भात यांचंही तेच. ज्याला ज्यानं प्रत्यक्ष त्रास होतो त्यानं ते टाळावं, उगाच पोराला अशक्त करू नये. खेळणंही बंद करू नये. मॅरेथॉनमध्ये 2003 साली विश्वविक्रम करणारी पॉला रॅडक्लिफ किशोरवयापासून दमेकरी होती.

दमा संसर्गानं पसरत नाही; ताट-पेला वेगळा ठेवण्याचं कारण नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर मात्र क्षयाची थुंकी तपासणी आधी करावी. दम्याचं निदान स्पायरोमेट्रीनं होतं. नळीत जोरानं फुंकायचं, औषध घेऊन पुन्हा फुंकायचं आणि दोन्हींतला फरक पाहायचा. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बाईची धाप अनेकदा दम्याची नसून सीओपीडीची, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराची, निघते आणि तिचे उपचार वेगळे असतात.

घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हव्यात अशा खुणा थोड्याच आहेत : एक वाक्य सलग बोलता न येणं, ओठ-नखं निळसर पडणं, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणं, पंप घेऊनही आराम न टिकणं. यातलं काहीही दिसलं तर रुग्णाला आडवं न करता बसतं ठेवा, 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत स्पेसरमधून आरामाच्या पंपाचे 4 ते 10 फवारे एकेक करून द्या. गरज पडली तर वीस मिनिटांनी पुन्हा द्या.