आमरसाचा डबा आणि आतला सोनेरी थर

आमरसाचा डबा रिकामा झाला की धुऊन आत डोकावून बघा. सोनेरी झाक किंवा दुधी थर दिसला, तर ते लॅकरचं अस्तर. डबाबंद अन्नाबद्दलची निम्मी भीती या अस्तराभोवती फिरते.

गैरसमज: डब्यात अन्न थेट पत्र्याला लागतं.
वस्तुस्थिती: बहुतेक डब्यांना, कोल्ड्रिंकच्या कॅनलासुद्धा, आतून अस्तर असतं. अननसासारख्या फिकट फळांचे काही डबे मात्र मुद्दाम नुसत्या कथलाचे ठेवतात. थोडं कथील विरघळतं आणि फोडींचा रंग टिकतो. आपली कल्हई तरी दुसरं काय? कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात डबाबंद अन्नाला कथलाची मर्यादा किलोमागे 250 मिलिग्रॅम आहे.

गैरसमज: डबा जितका जुना, तितकं रसायन जास्त.
वस्तुस्थिती: इपॉक्सी अस्तर बिस्फेनॉल ए (बीपीए) या रसायनापासून बनतं. त्याचा जो अंश अस्तरात सुटा राहतो, तो मुख्यतः कारखान्यातच अन्नात उतरतो. कडधान्यं, मासे यांचे सीलबंद डबे सुमारे 121 अंशांवर शिजवतात, तेव्हा. पुढे फडताळात पडून त्यात फारशी भर पडत नाही. त्यामुळे ताज्या तारखेचा डबा शोधून या बाबतीत काही साधत नाही.

हा अंश घातक आहे का? इथे तज्ज्ञांचंच जुळत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या किलोमागे 0.2 नॅनोग्रॅमवर आणली. आधीपेक्षा वीस हजार पटींनी कमी. जर्मनीच्या संस्थेचा आकडा 200 नॅनोग्रॅम. युरोपीय संघाने मात्र वाट न बघता अस्तरातल्या बीपीएवर बंदी घातली. ती जानेवारी 2025 पासून लागू झाली, उद्योगांना बदलासाठी मुदत देऊन. मला हे शहाणपणाचं वाटतं, कारण पर्याय हाताशी होते.

गैरसमज: ‘बीपीए-फ्री’ म्हणजे काहीच उतरत नाही.
वस्तुस्थिती: म्हणजे फक्त ते एक रसायन नाही. अ‍ॅक्रिलिक, पॉलिएस्टरच्या अस्तरांतूनही काही ना काही उतरतंच, आणि त्यांचा अभ्यास तुलनेने कमी झालाय.

एवढ्या चर्चेत खरा धोका बाजूला राहतो. फुगलेला, गळका किंवा शिवणीवर चेपलेला डबा चाखूनसुद्धा बघू नका. त्यात बॉट्युलिझमचे जंतू असू शकतात. आणि उघडलेल्या डब्यात उरलेला रस काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा. डबा नुसत्या कथलाचा असेल, तर हवा लागली की कथील भराभर विरघळतं.