काटा अर्ध्यावर

सकाळी ९. पापडीतल्या गॅरेजचं शटर वर जातं. देव्हाऱ्यातली उदबत्ती बाहेर, रस्त्याकडच्या तुळशीपाशी लावली. पावसाळ्यात पेट्रोलच्या टाक्या उघडायचं काम रोज असतंच, आणि वाफ हवेपेक्षा जड, ती फरशीलगत सरकत जाते. हाताखालच्या बारक्याला हे दर आठवड्याला सांगावं लागतं.

९.२०. पाचूबंदरचा एक पोरगा गाडी टोचन करून घेऊन आला. कार्ब्युरेटरची जुनी गाडी, मागे मासळीच्या क्रेटचा कॅरियर. "मिस्त्री, रात्री गोखिवऱ्याला बंद पडली. काटा बघा, अर्ध्यावर आहे." टाकी हलवली तर आतून आवाजच नाही. खाली बघितलं तर पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर. कधीतरी रिझर्व्हला फिरवला, पेट्रोल भरलं आणि परत ऑन करायचा राहिला. अर्धी टाकी आहे असं काटा सांगत असताना कॉक कोण बघतो! एका दुकानात त्याला पूर्ण मीटर बदलायला सांगितलं होतं. म्हटलं, आधी चहा घे.

१०. काटा पेट्रोल मोजत नाही. टाकीत एका दांडीला फ्लोट असतो, तो पेट्रोलबरोबर वरखाली होतो, दांडीचं टोक रोधाच्या पट्टीवर सरकतं आणि मीटर तेवढंच वाचतं. म्हणजे तक्रार मीटरची, वायरिंगची किंवा टाकीतल्या युनिटची. तिन्हीतलं कोणतं, हे एका रुपयाचाही पार्ट न आणता कळतं. सीट काढली, टाकीखालचा कपलर सोडवला, चावी फिरवली. काटा सावकाश शून्यावर आला. मीटरकडे जाणाऱ्या दोन वायरी तारेच्या तुकड्याने जोडल्या. काटा चढत फुलच्या पलीकडे गेला. लगेच तार काढली. तशीच ठेवायची नसते. मीटर ठीक, वायरिंग ठीक. मुलाचे मीटरचे पैसे इथेच वाचले.

११. बॅटरीची निगेटिव्ह काढून टाकी उतरवली. तळाशी उरलेलं काचेच्या बरणीत घेतलं, तर खाली गढूळ थर वेगळा बसला. पेट्रोलमधलं इथेनॉल थोडं पाणी सामावून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाला जातं. मग पाणी आलं कुठून? टाकीच्या झाकणाभोवती वाटी असते, तिच्यात साचलेला पाऊस बाहेर सोडायला बारीक भोक. ते मिठाच्या पुटाने आणि मासळीच्या खवल्यांनी बुजलेलं. किल्लाबंदर, पाचूबंदर, अर्नाळा, तिकडच्या गाड्यांत हे पहिलं बघायचं. भोक बुजलं, पाणी झाकणातून आत, आत गंज, आणि गंजाचा चुरा दांडीच्या सांध्यात. दांडी बरोबर अर्ध्यावर अडकलेली!

युनिट बाहेर काढून सांधा साफ केला, पट्टी कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतली. मग मल्टिमीटर लावून दांडी हळूहळू फिरवली. या युनिटला फुलकडे दहाच्या आत ओहम, रिकाम्याकडे शंभरच्या जवळपास. आकडा गाडीप्रमाणे बदलतो. तो सलग वाढतो की मध्येच उडी मारतो, ते महत्त्वाचं. उडी मारली तर पट्टी झिजली, युनिट बदला. इथे नाही मारली. फ्लोट कानाजवळ हलवून पाहिला. आत पेट्रोल शिरलं असेल तर खळखळतो आणि बुडतो. हा कोरडा.

१. जेवण. पाऊस धो धो. टाकी धुऊन उलटी वाळत ठेवली.

३. कॉलेजची मुलगी, नवी स्कूटर. "काका, घरातून निघताना काटा खाली, पारनाक्याला पोचले की वर." साइड स्टँडवर तिरपी गाडी, पेट्रोल एका बाजूला. मेन स्टँडवर लावून दाखवली. पैसे नाही घेतले.

३.३०. डिलिव्हरीवाला भाऊ, बीएस सिक्स, डिजिटल मीटर, सगळ्या कांड्या लुकलुकतात. कपलरच्या पिना हिरव्या पडलेल्या. घासून, ग्रीस लावून दिल्या. त्याला मात्र बजावलं. २०२० पासून इंजेक्शनच्या गाड्या सरसकट आल्या आणि रिझर्व्हचा कॉक गेला, उरली ती फक्त ही कांडी. पंप टाकीतच असतो, त्याला पेट्रोलच थंड ठेवतं. शेवटच्या कांडीवर विरार-नायगाव फेऱ्या मारायच्या नाहीत.

५.३०. पाचूबंदरच्या पोराच्या गाडीची टाकी चढवली, नवं रबर गॅसकेट टाकलं, बॅटरी जोडली, कॉक ऑनवर. घरच्या कॅनमधलं थोडं पेट्रोल घालून पंपावर गेलो. स्टेशनकडून लोकलची गर्दी सुटलेली, पंपावर रांग. एकदम फुल करायचं नाही, दोन-दोन लिटर, आणि दरवेळी चावी लावून काटा बघायचा. दोन लिटरला लाल पट्टीच्या वर. चारला पावपेक्षा जास्त. आठला जवळजवळ फुल, नंतर काटा हललाच नाही. टाकी फ्रेमवर खोगिरासारखी बसते, वरचा भाग रुंद. त्यामुळे वरचे लिटर काट्याला कळत नाहीत आणि खालचे भराभर उतरतात. हा दोष नाही, पत्र्याचा आकार आहे. ते आकडे मी पोराला स्टिकरवर लिहून दिले.

मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. पंपावरचा मुलगा वैतागून म्हणाला, "एकदाच सांगा ना किती टाकू!"