कॅडमधली नवीन शीट मेटल आणि मशिनिंग फीचर्स: आपल्या वर्कशॉपला खरंच किती उपयोगी?

शीट मेटलवरच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हा होता: "सर, नवीन व्हर्जन आलंय, घेऊ का?" व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून इथे नीट लिहितो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात पॅनल, कपाटं, ब्रॅकेट, मशीनचे गार्ड बनवणारे किंवा एखादं व्हीएमसी टाकून जॉबवर्क करणारे जे लोक आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सॉफ्टवेअर कंपनी नवीन फीचर दाखवते तेव्हा डेमोमधला पत्रा नेहमी बरोबरच बसतो. आपल्याकडे मात्र ड्रॉइंग कॅम्प ४ मध्ये होतं, लेझर कटिंग अंबरनाथ एमआयडीसीत होतं आणि बेंडिंग तिसऱ्याच गाळ्यात होतं. म्हणून फीचर चांगलं की वाईट हे डेमो बघून ठरवू नका. तिसऱ्या गाळ्यातून जॉब परत येतो तेव्हा माप लागतं का, ते बघा.

आधी एक गोष्ट आपल्या मुंबईची

मशिनिंगमध्ये "भोक, पॉकेट, स्लॉट सॉफ्टवेअरने स्वतः ओळखायचे" हे जे फीचर आहे, त्याच्यामागे विक्रोळीचं काम आहे हे फार जणांना माहीत नसतं. गोदरेज समूहातून निघालेली जिओमेट्रिक ही कंपनी. कॅमवर्क्स हे मशिनिंग सॉफ्टवेअर आणि डीएफएमप्रो हे डिझाइन तपासणारं सॉफ्टवेअर, दोन्ही तिचीच. २०१७ मध्ये जिओमेट्रिक एचसीएलमध्ये विलीन झाली. त्यानंतर सॉलिडवर्क्स २०१८ मध्ये जे सॉलिडवर्क्स कॅम आलं, ते कॅमवर्क्सवरच चालतं. त्यामुळे "आपण छोटे, आपलं कोण ऐकणार" असं म्हणू नका. ही सॉफ्टवेअर बनवणारी माणसं लोकलच्याच अंतरावर बसलेली असतात.

पत्रा: नवीन बटण नंतर, के-फॅक्टर आधी

शीट मेटलमध्ये अलीकडे चांगली फीचर्स आली आहेत. सॉलिडवर्क्स २०१८ मध्ये टॅब अँड स्लॉट आलं. दोन पत्रे एकमेकांत अडकतात, त्यामुळे वेल्डिंगला जिग कमी लागतो. २०२५ मध्ये बेंड नॉच आलं. बेंड कुठे घ्यायचा त्याची छोटी खूण फ्लॅटवरच कापून येते. बेंडिंगवाला दुसरा असेल तर हे खरंच कामाचं आहे, कारण त्याला टेप लावून रेघ मारावी लागत नाही.

पण वापरणाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच असते: "फ्लॅट चुकीचा येतो." बहुतेक वेळा इथे दोष फीचरचा नसतो, के-फॅक्टरचा असतो. पत्रा वाकतो तेव्हा आतली बाजू दाबली जाते, बाहेरची ताणली जाते. मधे एक थर असा असतो ज्याची लांबी बदलत नाही. तो थर जाडीच्या किती भागावर आहे, तो आकडा म्हणजे के-फॅक्टर.

९० अंशाच्या बेंडसाठी हिशोब असा:

बेंड अलाउन्स = १.५७०८ × (आतली रेडियस + के × जाडी)

१४ गेज, म्हणजे साधारण २ मिमी पत्रा घ्या. आतली रेडियस २.५ मिमी.

- के ०.४४ धरला तर: १.५७०८ × ३.३८ = ५.३१ मिमी
- के ०.३३ धरला तर: १.५७०८ × ३.१६ = ४.९६ मिमी

एका बेंडला फरक फक्त ०.३५ मिमी. पण पॅनलच्या दाराला एका दिशेत चार बेंड असतील तर फरक १.४ मिमी होतो. दार घासतं, नाहीतर गॅसकेट नीट बसत नाही. अशी ५० दारं कापून झाली असतील तर पत्रा, लेझर आणि बेंडिंग तिन्हीचे पैसे गेले. मग डिझाइनवाला बेंडिंगवाल्याला बोलतो, बेंडिंगवाला ड्रॉइंगला बोलतो, आणि पार्टी तुमचं बिल अडकवून ठेवते.

म्हणून लक्षात ठेवा, के-फॅक्टर ना सॉफ्टवेअरचा असतो, ना डिझाइनरचा. तो तुमचा पत्रा आणि बेंडिंगवाल्याची डाय या जोडीचा असतो. फ्यूजनच्या तयार रूलमध्ये ०.४४ दिलेला असतो. तो सुरुवातीला ठीक आहे, पण तो तुमच्या मशीनवर मोजलेला नाही.

मोजायची पद्धत सोपी आहे:

१. त्याच पत्र्याची बरोबर १०० मिमी लांब पट्टी लेझरवर कापून घ्या.
२. नेहमीच्याच डायवर मधोमध ९० अंशात वाकवा.
३. दोन्ही पायांची बाहेरची मापं व्हर्नियरने घ्या. समजा बेरीज १०३.७ मिमी आली.
४. १०३.७ मधून १०० गेले, राहिले ३.७. हे बेंड डिडक्शन.
५. रेडियस अधिक जाडी, त्याची दुप्पट: २ × (२.५ + २) = ९. त्यातून ३.७ वजा केले की ५.३. हा बेंड अलाउन्स.
६. ५.३ भागिले १.५७०८ म्हणजे ३.३७४. त्यातून रेडियस २.५ वजा केली, ०.८७४ राहिले. भागिले जाडी २. के = ०.४४ च्या आसपास.

अशा तीन पट्ट्या करा आणि सरासरी घ्या. रेडियस अंदाजाने धरू नका, रेडियस गेज लावा. डाय बदलली, १६ च्या जागी २० चा व्ही लावला, की रेडियस बदलते आणि मोजणी पुन्हा करावी लागते.

फ्रीकॅड वापरणाऱ्यांनी अजून एक गोष्ट बघायची. त्याच्या शीट मेटल ॲडऑनमध्ये अनफोल्ड करताना आन्सी की डिन असा पर्याय येतो. डिनमधला आकडा आन्सीच्या दुप्पट असतो, म्हणजे आन्सीचा ०.४४ तिथे ०.८८ होतो. पर्याय चुकला की फ्लॅट चुकला, आणि शिव्या सॉफ्टवेअरला पडतात!

मशिनिंग: ऑटोमॅटिक म्हणजे डोळे झाकून नाही

फीचर ओळखणारं मशिनिंग काय करतं? मॉडेल बघून हे भोक, हे पॉकेट असं ठरवतं आणि डेटाबेसमधून टूल, स्पीड, फीड उचलतं. वापरणाऱ्यांचं म्हणणं इथे दोन टोकांचं असतं. काही जण म्हणतात अर्ध्या दिवसाचं प्रोग्रॅमिंग तासात होतं. काही म्हणतात भलतीच टूल निवडतं. दोघंही खरं बोलतात! पहिल्याने डेटाबेसमध्ये स्वतःची टूल भरलेली असतात. दुसऱ्याने कंपनीची यादी तशीच ठेवलेली असते. तुमच्याकडे ६, १० आणि १६ चीच एंडमिल असतील तर तेवढीच भरा.

दुसरी गोष्ट म्हणजे डिझाइन तपासणी. डीएफएमप्रोसारखं टूल मशिनिंगच्या आधीच सांगतं की हा आतला कोपरा धारदार आहे. १० ची एंडमिल आत ५ मिमीची रेडियस सोडणारच, कोपरा काटकोनात येणार नाही. पत्र्यात ते सांगतं की भोक बेंडच्या फार जवळ आहे, वाकवताना ओढलं जाईल. जुन्या फोरमनला हे तोंडपाठ असतं. पण ड्रॉइंग करणारा मुलगा नवीन असेल तर ही सूचना पैसे वाचवते.

खरेदीआधी हेही बघा की कुठलं फीचर कुठल्या पॅकेजमध्ये आहे. सॉलिडवर्क्स कॅम स्टँडर्डमध्ये अडीच ॲक्सिस मिलिंग मिळतं, टर्निंगसाठी प्रोफेशनल लागतं. लेथवाल्याने स्टँडर्डचा डेमो बघून निर्णय घेऊ नये.

फुकट व्हर्जन आणि धंदा

फ्यूजनचं पर्सनल लायसन्स धंद्यासाठी नाही, हे स्पष्ट आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ऑटोडेस्कने त्यावर मर्यादा जाहीर केल्या. एका वेळी १० च फाइल एडिट करता येतात, रॅपिड मूव्ह कटिंगच्या फीडनेच चालते, आणि ऑटोमॅटिक टूल चेंजचा प्रोग्रॅम निघत नाही. स्टेप फाइलची एक्स्पोर्टही बंद होणार होती. लोकांनी जोरात विरोध केला आणि कंपनीने ती चालू ठेवली.

फ्रीकॅडचंही तसंच. स्केच बदललं की पुढची सगळी फीचर्स भलत्याच फेसला चिकटतात, ही तक्रार लोक वर्षानुवर्षं करत होते. नोव्हेंबर २०२४ च्या १.० व्हर्जनमध्ये त्यावर मोठं काम झालं. ते फुकट आहे, आणि धंद्यासाठीही वापरता येतं.

फीडबॅक असा द्या

"तुमचं सॉफ्टवेअर बेकार आहे" या वाक्यावर कोणीच काही करू शकत नाही. विकणाऱ्या डीलरला किंवा कंपनीला लिहिताना पाच गोष्टी द्या:

- व्हर्जन नंबर आणि कुठलं फीचर
- मटेरियल, जाडी, मशीन आणि डाय किंवा टूल
- काय माप अपेक्षित होतं आणि काय आलं, मिलिमीटरमध्ये
- तोच प्रॉब्लेम दाखवणारी छोटी फाइल (पार्टीचं ड्रॉइंग पाठवू नका, साधा ब्रॅकेट करून पाठवा)
- त्यामुळे किती वेळ किंवा किती पत्रा वाया गेला

शेवटचा मुद्दा लोक विसरतात. पण शंभर मागण्यांमधून कुठली आधी घ्यायची हे कंपनी ठरवते तेव्हा नुकसानाचा आकडाच बोलतो.

मग अपडेट घ्यायचं का?

तीन प्रश्न विचारा. माझ्या के-फॅक्टरची मोजणी झाली आहे का? नवीन फीचर माझ्या रोजच्या जॉबमध्ये आठवड्यातून एकदा तरी लागेल का? आणि लेझरवाला, बेंडिंगवाला माझी फाइल उघडू शकतील का? तिन्हीला "हो" असेल तर ट्रायल घ्या, एक खरा जॉब शेवटपर्यंत काढा, मगच पैसे भरा. पहिल्यालाच "नाही" असेल तर आधी १०० मिमीची पट्टी कापा. त्याला लायसन्स लागत नाही.

तुमच्या पट्टीचा आकडा काय आला ते व्हिडिओखाली जाडी आणि डायसकट लिहा. आपल्या भागातल्या मशीनचे आकडे एकत्र आले तर सगळ्यांनाच उपयोग होईल. भेटू पुढच्या व्हिडिओत!